चिडाची चीड

मराठीत पाइनच्या झाडाला चीड म्हणतात आणि एखाद्या गोष्टीचा राग येतो त्यालाही चीडच म्हणतात. हा योगायोग की आणखी काही, याचा निवाडा शब्दांच्या जाणकारांनी करावा. शेकोटीपाशी बसलेल्या माणसाला मात्र तो योगायोग वाटत नाही. काडी दाखवायचा अवकाश, भडकलंच. तडतड, ठिणग्या, काळा धूर. आणि पाच मिनिटांत सगळं शांत, जणू काही झालंच नाही. वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला एक तरी चिडका बिब्बा येतो, तसं हे लाकूड.

माझी त्याची ओळख एका रात्रीच्या मुक्कामात झाली. थंडी कडाक्याची होती आणि शेकोटीची जबाबदारी मी हौसेनं अंगावर घेतलेली. सगळ्यात जाड ओंडका निवडला, कारण तो रात्रभर पुरेल हा हिशोब. त्याच्याखाली कागद कोंबले आणि काड्या ओढत बसले. अर्धी काडेपेटी संपली, कागद जळून उडून गेले, ओंडक्याच्या तोंडाला नुसतं काळं फासलं गेलं. फुंकून फुंकून माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा तिथले राखणदार आजोबा जवळ येऊन उभे राहिले. जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘ताई, ओंडक्याला काडी लावून तो कधी पेटायचा? त्याला आधी कुणीतरी मनवायला लागतं.’’

त्यांनी पिशवीतून वीतभर लांबीचा एक तुकडा काढला. हातात घेतला तर आकाराच्या मानानं चांगलाच जड. रंग मधासारखा, उजेडात धरला की कडेनं किंचित आरपार दिसणारा, आणि बोटांना तेलकट चिकटपणा. कोयत्यानं त्याच्या पाच-सहा ढलप्या काढल्या, एकीला काडी लावली. तिनं आढेवेढे घेतलेच नाहीत. मेणबत्तीसारखी उभी ज्योत, टोकाला काजळीची शेपटी आणि हवेत टर्पेंटाइनचा वास. वर काटक्या, काटक्यांवर फाटे आणि सगळ्यात शेवटी माझा तो ओंडका. त्यानं पेट घ्यायला अर्धा तास लावला, पण घेतला.

तो तुकडा आला कुठून, तर मेलेल्या झाडाच्या खुंटातून. चिडाला जखम झाली की ते राळ सोडतं. ही राळ म्हणजे झाडाचं मलम. जखम बुजते, किडे आणि बुरशी बाहेर राहतात. झाड तुटलं तरी बुंध्याच्या गाभ्यात आणि फांद्यांच्या बेचक्यांत साठलेली राळ तिथेच राहते. भोवतीचं लाकूड वर्षानुवर्षं कुजत जातं आणि राळेनं गच्च भरलेला गाभा तेवढा उरतो. त्यात पाणी मुरत नाही. पावसात भिजलेला असला तरी वरचा पापुद्रा तासला की आत कोरडाच.

आपण म्हणतो लाकूड जळतं. खरं तर ज्वाला असते ती लाकडातून निघालेल्या वायूची, आणि हा वायू सुटायला लाकूड अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापावं लागतं. एका आगकाडीनं जाड ओंडका एवढा तापणार कसा? राळेत मात्र टर्पेंटाइन असतं, आणि त्याची वाफ ३५ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. म्हणून ढलपीला काडी पुरते. तिची धग काटकीला, काटकीची फाट्याला. ही वशिल्याची साखळी मी त्या रात्री तोडायला निघाले होते.

राळेच्या या गुणावर माणसाची नजर फार पूर्वीच गेलेली आहे. लॅटिनमध्ये ‘टीडा’ म्हणजे राळेच्या लाकडाची चूड, आणि लिनियसनं १७५३ साली चिडाच्या एका जातीचं नावच ‘पायनस टीडा’ ठेवलं. तृणमणी म्हणजे कोट्यवधी वर्षं जमिनीत राहिलेली राळच. तोही जळतो, म्हणून जर्मन माणूस त्याला सरळ ‘जळणारा दगड’ म्हणतो. चिडाच्या कुळातल्या काहींची तर आगीशी सोयरीकच आहे. लॉजपोल चिडाचे बरेचसे शंकू राळेनं बंद असतात आणि साधारण ४५ ते ६० अंशांची झळ लागल्याशिवाय उघडत नाहीत. वणवा येऊन जातो आणि मग राखेत बिया पडतात.

चीड, देवदार, स्प्रूस, फर, लार्च हे सगळे मऊ लाकडाचे म्हणून ओळखले जातात. या नावाचा मऊपणाशी संबंध बेताचाच. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानं शंकू धरणारी झाडं मऊ आणि फुलं धरणारी कठीण. त्यामुळे नखानं खरवडता येणारं बाल्सा ‘कठीण’ ठरतं आणि चांगलं चिवट यू ‘मऊ’. असो.

या लाकडावर खरा आळ आहे तो धुराड्याचा. चीड घरात जाळू नका, धुराडं डांबरासारख्या काजळीनं भरतं आणि एक दिवस तीच पेट घेते, हे बहुतेक सगळे सांगतात. काजळीची भीती खरी आहे, गुन्हेगार चुकीचा पकडलाय. धूर थंड धुराड्याला लागला की त्यातलं न जळलेलं ते भिंतीवर जमतं, आणि न जळलेला धूर निघतो तो ओल्या लाकडातून आणि हवा कोंडून धुमसत ठेवलेल्या आगीतून. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणीच असू शकतं. ते वाफ करण्यातच आगीची शक्ती जाते, मग ज्वाला कसली आणि धग कसली! ओलाव्याचं प्रमाण २० टक्क्यांखाली आलेला चीड मोकळ्या हवेत खळखळून जळतो. त्याच चुलीत ओला ओक रात्रभर धुमसत ठेवला तर धुराड्याची जास्त वाट लागते. उत्तरेकडच्या थंड अरण्यपट्ट्यात चीड आणि स्प्रूसच जास्त. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या तेच जाळत आली आहेत.

शिवाय चीड लवकर वाळतो. फोडून, साल काढून, वारा लागेल असा रचला तर सहा महिने ते वर्षभरात तयार. ओकला दोन वर्षं द्यावी लागतात. किलोला किलो तोलला तर उष्णतेत तो ओकच्या मागे नाही, राळेमुळे किंचित पुढेच. फक्त हलका असल्यानं तेवढ्याच उष्णतेला मोळी मोठी लागते. आणि निखारे टिकत नाहीत, हे मात्र मान्य करायला हवं. चिडाच्या भरवशावर झोपलात तर पहाटे कुडकुडत उठाल.

तडतडीचीही तक्रार खोटी नाही. लाकडात राळेचे आणि पाण्याचे बारीक कप्पे असतात, ते तापून फुटतात आणि निखारा उडवतात. माझ्या एका स्वेटरच्या बाहीला मसुराच्या डाळीएवढं भोक आहे. ते अशाच एका गाठीनं पाडलंय.

हल्ली चीड माझ्याकडे येतो तो खोक्यांच्या रूपात. यंत्रं, टाइल्स, काचा ज्या लाकडी खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या बहुधा याच मऊ लाकडाच्या. चिरायला सोप्या, पेटायला सोप्या. पण आधी फळीवरचा शिक्का बघायचा, कीड मारायला लाकडावर काय केलंय ते त्यावरून कळतं. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं असतं, एवढंच. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ती फळी चुलीजवळ नेऊच नये. रंगवलेली, प्लायची, तेलकट डागांची तर नाहीच नाही.

पातेलं मात्र राळेच्या ज्वाळेवर ठेवू नये. मी ठेवलं होतं त्याच रात्री, चहासाठी. बूड असं काळं झालं की दोन दिवस घासत होते. आजोबा हसले, काही बोलले नाहीत. नंतर कुठेतरी वाचलं की चिनी शाईचा एक जुना प्रकार चिडाच्या काजळीपासूनच करतात, आणि मी घासून फेकलेल्या त्या ऐवजाबद्दल जरा हळहळ वाटली.

सकाळी राख उकरली तेव्हा ओंडक्याचा एक मुठीएवढा निखारा अजून लाल होता. ढलप्यांचा मागमूस नव्हता. फक्त माझ्या बोटांवर राळ होती, धुऊन न जाणारी, वर राखेचा थर बसलेली. साबणानं दोनदा धुतलं. शेवटी आजोबांनी तेलाची बाटली पुढे केली.