तुम्ही विचारलंत म्हणून: प्रवासाचे नकाशे कुठून काढायचे, कसे छापायचे

सुट्ट्या जवळ आल्या की फोन सुरू होतात. “मॅडम, तुम्ही ते नकाशे छापून नेता न, ते कुठून काढता? आणि मोबाईलमध्ये सगळं असताना कागद कशाला? आम्ही घरी छापले की ते बारीक का येतात?” विचारणारे बहुतेक माझे जुने विद्यार्थी, ज्यांना मी भूगोल शिकवला, आता त्यांचीच मुलं शाळेत जातात. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी मोबाईलचं. मीही तो वापरते. ‘ऑरगॅनिक मॅप्स’ किंवा ‘ऑसमअँड’सारखं ॲप घेऊन लागणारा भाग घरच्या वायफायवर उतरवून ठेवला, की रेंज नसतानाही नकाशा चालतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. ऐन वळणावर ‘आता डावीकडे’ सांगायला मोबाईलच हवा. पण सहल ठरते ती घरी, टेबलाभोवती, आणि त्या एवढ्याशा पडद्यावर एका वेळी एकालाच दिसतं. कागद पसरला की सासूबाई बोट ठेवून म्हणतात, “पेंचला जाताना रामटेक इतकं जवळ पडतं तर अंबाळा तलावाला थांबू की.” मुलगा म्हणतो, मग मनसरचं उत्खननही बघून घेऊ. अशी सहल सगळ्यांची होते. कागदावर माझा जीव आहे तो यासाठी.

आता नकाशा शोधायचा कसा? माझं सांगणं एकच असतं: नकाशाला काय विचारायचं आहे ते आधी ठरवा. ‘पेंचचा नकाशा’ असं शोधलंत तर रंगीत चित्रं पुष्कळ सापडतील, वाघाचं तोंड आणि हॉटेलांची नावं असलेली, पण उपयोगाचं क्वचितच काही मिळेल. पेंचचा व्याघ्रप्रकल्प दोन राज्यांत आहे. महाराष्ट्रात सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार ही गेटं; मध्य प्रदेशात टुरिया, कर्माझिरी, जमतारा. नागपूरहून जबलपूर रोडनं मनसर ओलांडलं की आपल्याकडची गेटं लागतात, खुर्सापार अगदी राज्याच्या सीमेलगत. टुरियाला खवासाहून आत वळायचं. कर्माझिरी मात्र जंगलाच्या दुसऱ्या अंगाला आहे, टुरियाहून तिथे जायला मोठा वळसा पडतो. लोक सफारी एका गेटची घेतात, खोली दुसऱ्या गेटजवळची घेतात, आणि पहाटे अंधारात पळापळ होते. ताडोब्याचंही तेच. मोहर्ली चंद्रपूरकडून, कोलारा चिमूरकडून. नागपूरहून निघालात तर रस्ताच वेगळा, एक वरोरा-भद्रावतीवरून, दुसरा उमरेड-भिसीवरून. तेव्हा इथे नकाशाला विचारायचं ते हे: माझं गेट आणि माझी खोली एकाच बाजूला आहेत का?

एवढ्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप उत्तम. २००४ पासून जगभरचे लोक मिळून हा खुला नकाशा तयार करत आहेत. संगणकावर उघडलात तर कडेला ‘शेअर’चं बटण दिसेल, त्यात हवी ती चौकट आखता येते, प्रमाण घालता येतं आणि पीडीएफ उतरवता येते. मी नेहमी दोन पानं काढते. पहिलं सगळ्या प्रवासाचं, एकास पाच लाख प्रमाणाचं. म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर पाच किलोमीटर. या हिशेबानं नागपूर ते मोहर्ली उभ्या ए-फोर कागदावर आरामात मावतं. पण इतक्या लहान प्रमाणात बारकी गावं गळतात, आणि आपल्याला नेमकं त्यांतल्याच एका गावात जायचं असतं. म्हणून दुसरं पान शेवटच्या टप्प्याचं, एकास पन्नास हजारचं. मोठ्या रस्त्यावर फारसं कुणी चुकत नाही. चुकतात ते शेवटच्या दहा-बारा किलोमीटरला, फाट्यावर, जिथली पाटी झाडामागे गेलेली असते. दुसरं पान त्या फाट्यासाठी. (तळाशी ओपनस्ट्रीटमॅपच्या श्रेयाची ओळ असते, ती कापू नका. कुणीतरी फुकट राबलंय.)

डोंगरात, किल्ल्यावर किंवा नदीकाठी पायी हिंडायचं असेल तर मात्र टोपोशीटला, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या सरकारी नकाशाला, पर्याय नाही. १७६७ पासून चालत आलेला आपला भारतीय सर्वेक्षण विभाग ती काढतो. २००५ च्या नकाशा धोरणात सर्वसामान्यांसाठी खुली मालिका वेगळी झाली, आणि २०१७ पासून तिची एकास पन्नास हजारची पत्रकं विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून पीडीएफमध्ये फुकट मिळतात. शाळेत असताना एका टोपोशीटसाठी आम्हाला काय काय करावं लागायचं ते आठवलं, की ही सोय फार मोठी वाटते.

पत्रकांचे क्रमांक बघून लोक बिचकतात, पण ते सोपं आहे. जुन्या पद्धतीत आपला भाग ५५ क्रमांकाच्या मोठ्या चौकटीत येतो. तिचे ए ते पी असे १६ भाग, आणि प्रत्येक भागाचे पुन्हा १६. नागपूर शहर ५५ ओ/४ मध्ये, रामटेक ५५ ओ/७ मध्ये, चिखलदरा ५५ जी/७ मध्ये. नव्या खुल्या मालिकेत ७८ रेखांशाच्या पूर्वेची पत्रकं एफ ४४ ने सुरू होतात, पश्चिमेची एफ ४३ ने. म्हणजे नागपूर एका गटात, मेळघाट दुसऱ्या. एका पत्रकात १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश असतात. आपल्या भागात ते साधारण २८ बाय २६ किलोमीटर भरतं.

टोपोशीटवर तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, वाचता आल्या की झालं. दोन रेषांमध्ये २० मीटरचा फरक असतो. चिखलदऱ्याचं पत्रक उघडून गाविलगड शोधा. दक्षिणेला रेषा एकमेकींना चिकटल्यात, म्हणजे थेट वऱ्हाडच्या मैदानात उतरणारा कडा. उत्तरेला मात्र किल्ला चिखलदऱ्याच्या पठाराशी एका अरुंद पट्टीनं जोडलेला दिसतो. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तोफा कुठल्या बाजूनं आणल्या असतील ते मुलं रेषा बघूनच सांगतात, आणि बरोबर सांगतात. आजीला कुठपर्यंत चालवेल, तेही याच रेषा मोजून कळतं.

नागपूरच्या माणसाला या नकाशांबद्दल आपुलकी वाटावी असं आपल्या आसपास बरंच आहे. शहरातल्या झिरो माईल स्तंभाचे चार घोडे सगळ्यांना माहीत आहेत. शेजारचा १९०७ चा सर्वेक्षणाचा दगड थांबून बघणारे थोडे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. दशांश चिन्हानंतर तीन आकडे! भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात करणारे विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारले. तिथेच त्यांची कबर आहे. चंद्रपूरला जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून बघा.

आता छपाई, कारण बहुतेक नकाशांची वाट इथेच लागते. झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा मदतीच्या भावनेनंच विचारतो, “काकू, पेजला फिट करून देऊ?” नाही म्हणायचं. ‘ॲक्चुअल साइज’ किंवा शंभर टक्के, एवढंच सांगायचं. एकास पन्नास हजारच्या नकाशावर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. ए-थ्री पान दाबून ए-फोरवर बसवलं की ते सुमारे ७१ टक्क्यांवर येतं, किलोमीटर १.४ सेंटीमीटरचा होतो, आणि कोपऱ्यात ‘१:५०,०००’ मात्र तसंच छापलेलं राहतं. तुमच्या घरी नकाशे ‘बारीक’ येतात ते यामुळेच. कोपऱ्यातली प्रमाणपट्टी नकाशाबरोबरच आकसते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवायचा. छापून झालं की दुकानातच पट्टीनं मोजून घ्या.

पूर्ण पत्रक साधारण ५५ बाय ५२ सेंटीमीटरचं असतं. जिथे आर्किटेक्ट लोकांचे प्लॅन निघतात तिथे प्लॉटरवर, म्हणजे मोठ्या कागदाच्या प्रिंटरवर, ते अखंड निघतं. नाहीतर पीडीएफ रीडरमधल्या ‘पोस्टर’ पर्यायानं चार ए-थ्री पानांवर छापून चिकटवा; कडा एकमेकींवर थोड्या चढू द्या. पण खरं सांगायचं तर अख्खं पत्रक क्वचितच लागतं. आपण फिरणार तेवढा भाग एका ए-फोरवर घेतला तर दहा बाय चौदा किलोमीटर मुलूख मिळतो. चालणाऱ्याला दिवसभर पुरतो.

काळ्या-पांढऱ्यात टोपोशीट छापू नका. तपकिरी रेषा, निळे नाले, हिरवं जंगल, सगळं एकाच राखाडी रंगात विरघळतं आणि नाला कुठला, चढ कुठला कळेनासं होतं. प्रिंट लेझरवर घ्या. इंकजेटची शाई एका पावसात पसरते. लॅमिनेशनच्या मी विरुद्ध आहे. घडी पडत नाही, पेन्सिल चालत नाही. साधी पारदर्शक चेनची पिशवी पुरते.

एक गोष्ट मात्र विसरू नका: टोपोशीटच्या समासात पाहणी कोणत्या वर्षीची ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. डोंगर आहे तिथेच आहे, रस्ते आणि पाणी मात्र बदललंय. जुन्या पत्रकात समृद्धी महामार्ग नाही, आणि आजचा राष्ट्रीय महामार्ग ४४ तिथे ७ म्हणून सापडेल. वैनगंगेचं तर सगळंच बदललं. गोसीखुर्द धरणाचं पाणी जिथे पसरलंय तिथे जुन्या पत्रकावर शेतं आणि गावं दिसतात. कुहीवरून आंभोऱ्याला गेलात तर आज केबलच्या पुलावरून थेट भंडारा जिल्ह्यात उतरता येतं. जुना नकाशा तुम्हाला नदीकाठी आणून सोडेल. म्हणून चढउतार टोपोशीटवरून आणि रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्यायचे, आणि दोन्हीत फरक दिसला तिथे पेन्सिलनं खूण करायची. वाटेत चहाच्या टपरीवर नकाशा पसरून विचारलं की गावकरी उत्साहानं सांगतात, “हा रस्ता नाही बाई, तो खालून गेला आता.” ते तिथल्या तिथे लिहून घ्यायचं.

प्रत्येक पानाच्या मागे मी मुक्कामाच्या ठिकाणाचा आणि घरचा नंबर लिहिते. मोबाईल बंद पडला तर नंबरही त्याच्यासोबत जातात. आणि सगळ्या पानांचा एक संच, कोणत्या दिवशी कुठे ते लिहून, घरी फ्रिजवर लावून जाते.