कनेक्शन रिफ्युज्ड

आमच्या ऑनलाइन दुकानाचा डेव्हलपमेंट सेटअप २०१७ चा. दुकान मॅजेंटो या दुकानाच्या सॉफ्टवेअरवर, आणि ते लॅपटॉपवर चालवायचं म्हणजे डॉकर, जे प्रत्येक प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतं, त्याची एक भलीमोठी कंपोझ फाईल (सगळे डबे एकत्र उभे करायची यादी), सात डॉकरफाईली (एकेक डबा बनवायच्या कृती) आणि या सगळ्याच्या वर एक शेल स्क्रिप्ट, जिला हात लावायची कुणाची हिंमत नाही. ज्याने हे सगळं उभं केलं तो केव्हाच सोडून गेला होता आणि त्याचे कमिट मेसेज म्हणजे "फिक्स", "फिक्स २", "आता नक्की फिक्स". नवीन कुणी जॉईन झालं की पहिले तीन दिवस सेटअप चालू करण्यात जायचे, चौथ्या दिवशी तो माणूस आमच्याकडे संशयाने बघायला लागायचा.

तरी ढकलत होतो. पण मग एकेक गोष्ट तुटायला लागली. पायथॉनमधलं जुनं डॉकर-कंपोझ, त्याचे अपडेट जुलै २०२३ नंतर बंदच झाले, आणि नवीन कंपोझ कंटेनरच्या नावात अंडरस्कोरच्या जागी हायफन घालतं. एवढीशी गोष्ट. पण आमच्या स्क्रिप्टमध्ये ती नावं चाळीसेक ठिकाणी हाताने लिहिलेली, त्यामुळे निम्म्या कमांडी "असा कंटेनर नाही" म्हणून मोकळ्या. पीएचपी ७.२ ची इमेज, म्हणजे त्या डब्याचा साचा, डेबियन ९ या जुन्या लिनक्सवर, त्या डेबियनची पॅकेजं आर्काइव्हमध्ये हलवलेली, म्हणजे इमेज नव्याने बिल्ड करायला गेलं की पहिल्याच पायरीला ४०४, फाईल सापडत नाही. आणि एम चिपवाल्या मॅकवर तर आनंदच, मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसची ऑफिशियल इमेज त्या एआरएम चिपसाठी नाहीच, सगळं एम्युलेशनवर, म्हणजे दुसऱ्या चिपची नक्कल करत, कार्टचं पान उघडेपर्यंत माणूस जागेवरून उठून फिरून यायचा.

शेवटी मीटिंगमध्ये मीच कुरकुर केली, आणि जो कुरकुर करतो त्याच्याच गळ्यात काम पडतं हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. डीडेव्ह हे असा सेटअप तयार करून देणारं टूल वापरायचं ठरलं. कारण साधं, पीएचपी, वेबसर्व्हर, डेटाबेस, लोकल एचटीटीपीएस, मेल पकडायला मेलपिट, सगळं आयतं मिळतं आणि पीएचपीचं व्हर्जन कॉन्फिगमध्ये एका ओळीत बदलतं. पीएचपी मात्र मुद्दाम ७.२ च ठेवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढी अक्कल होती मला. निदान असं मला वाटत होतं.

दोन दिवस मस्त गेले. जुनी फाईल एका खिडकीत, नवीन दुसऱ्या खिडकीत, एकेक ओळ वाचायची, लागत असेल तर न्यायची, नसेल तर उडवायची. उडवण्यात जी मजा आहे ना ती लिहिण्यात नाही. क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा, त्याच्या कंटेनरखाली एक्स्ट्रा होस्ट्सच्या, म्हणजे कुठलं नाव कुठल्या मशीनकडे न्यायचं ते सांगणाऱ्या, पाच ओळी होत्या. चार तर उघडच मेलेल्या, ज्या मशीनची नावं होती ती मशीनच राहिली नव्हती. पाचवी एका लांबलचक सबडोमेनची, समोर १२७.०.०.१, म्हणजे स्वतःचंच मशीन. ना कॉमेंट ना काही. म्हटलं असेल कुणीतरी कधीतरी काहीतरी टेस्ट करायला टाकलेली. पाचही उडवल्या.

आता एक सांगायचं राहिलं. जुन्या सेटअपमध्ये क्रॉनचा लॉग उघडला की ओळीमागून ओळ "कनेक्शन रिफ्युज्ड". म्हणजे समोरून जोडणीच नाकारलेली. वर्षानुवर्षं. नवीन आलेला विचारायचा हे काय, आम्ही म्हणायचो ते असंच असतं, लक्ष देऊ नकोस. मी स्वतः किमान चार जणांना हे सांगितलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी रात्रीचा लाईव्ह डंप, म्हणजे चालू दुकानाच्या डेटाबेसची प्रत, इम्पोर्ट केला. आमचा डंप स्क्रिप्टमधून जातो, ग्राहकांची नावं, पत्ते, ईमेल सगळं खोटं करून येतं. क्रॉन चालू केला, लॉग उघडला, आणि एकही एरर नाही! ओळीमागून ओळ २००, म्हणजे काम झालं. मी स्क्रीनशॉट काढून टीमच्या ग्रुपवर टाकला, "बघा, लॉग कसा चकाचक". सहा अंगठे आले.

साधारण पाऊण तासाने सपोर्टवाल्याने फोन जोडून दिला. वेअरहाऊसच्या मॅडम होत्या. अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "अहो, हे टेस्ट युजर कोण आहेत? टेस्ट रस्ता, घर नंबर एक. एकाच पत्त्यावर त्रेसष्ट पार्सलं आहेत त्यांची."

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. ते लांबलचक सबडोमेन वेअरहाऊसच्या लाईव्ह एपीआयचं होतं, म्हणजे खऱ्या ऑर्डरी जिथे पाठवतात त्या दाराचं. मॉड्यूलमध्ये पत्ता कोडातच लिहिलेला, आणि त्या दाराची किल्ली, म्हणजे एपीआय की, डेटाबेसमध्ये, म्हणजे डंपबरोबर तीही लॅपटॉपवर आलेली. लाईव्हवर ऑर्डरी पहाटे एका खेपेत वेअरहाऊसला जातात, माझा डंप त्याच्या आधीचा, म्हणजे माझ्या डेटाबेसच्या मते त्या अजून पाठवायच्याच होत्या. पाठवल्या क्रॉनने इमानदारीत. आणि तिकडे त्याच नंबरची ऑर्डर पुन्हा आली की ती नवीन धरत नाहीत, जुनीच अपडेट करतात. त्रेसष्ट खऱ्या माणसांचे पत्ते पुसून तिथे टेस्ट रस्ता. आमच्या लॅपटॉपमध्ये आणि खऱ्या वेअरहाऊसमध्ये एवढी वर्षं फक्त ती एक ओळ उभी होती, आणि तो "रिफ्युज्ड" म्हणजे ती ओळ आपलं काम करत होती.

आधी डीडेव्ह बंद केलं, मग लाईव्हवरून त्या त्रेसष्ट ऑर्डरी पुन्हा एक्सपोर्ट केल्या, पत्ते जागेवर आले. पण नऊंची लेबलं छापून चिकटवून झाली होती, ती मॅडमनी फोन चालू ठेवूनच एकेक शोधून बाजूला काढली, मी नंबर वाचतोय आणि त्या "सापडलं" म्हणतायत, असं नऊ वेळा. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी ती ओळ डीडेव्हच्या जादा कंपोझ फाईलमध्ये परत घातली, वर चार ओळींची कॉमेंट, आणि डंपच्या स्क्रिप्टमध्ये ती एपीआय की पुसायची पायरी टाकली, जी खरं तर पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

संध्याकाळी राहवेना म्हणून त्या सोडून गेलेल्या माणसाला मेसेज टाकला. घडलेलं काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, क्रॉनखाली ती शेवटची एक्स्ट्रा होस्टची ओळ होती ती कशासाठी रे? दहा मिनिटांनी उत्तर आलं. "किती गेल्या?"

त्याच्या वेळी एकशे चाळीस गेल्या होत्या म्हणे. "फिक्स २" तोच.