चौकातल्या फलकाची परवानगी: माझा अनुभव

३१ ऑगस्ट हा औषधं आणि अमली पदार्थांच्या ओव्हरडोसविषयी जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस. २००१ मध्ये मेलबर्नमध्ये तो सुरू झाला. २०२५ साली तो नेमका गणपतीत आला, तोही गौरी आवाहनाच्या दिवशी. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या आमच्या मंडळाने ठरवलं, चौकात मोठा फलक लावायचा. मी मेडिकल चालवते, म्हणून मजकूर माझ्याकडे. वर्गणी, छपाई, जागा, सगळं भराभर जमलं. अडलं एका सहीपाशी, आणि ते आठवलं की अजून संताप होतो.

फलकाच्या परवानगीवर सही करणाऱ्या साहेबांनी मजकूर वाचला आणि म्हणाले, "मॅडम, ‘व्यसनमुक्त कोल्हापूर’ एवढंच लिहा की. आत्ता सही देतो."

आम्हाला घोषणा नको होती. आमच्या फलकावर होतं ते असं: हाका मारून, छातीच्या हाडावर मुठीने चोळूनही माणूस उठत नाही, श्वास फार संथ किंवा घुरघुरता झालाय, ओठ-नखं निळी पडलीत, तर लगेच १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, एकट्याला सोडू नका. कॉफी, मिठाचं पाणी पाजू नका, उलटी काढायला जाऊ नका.

"हे वाचून पोरांना वाटेल, घ्यायला हरकत नाही," साहेब म्हणाले. "आणि ऐन सणात गावाची बदनामी."

मी सांगितलं, माझ्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागायला येतात ती चांगल्या घरातली माणसं असतात. ताकदीसाठी मेफेन्टरमाइनचं (हे खरं तर उतरलेला रक्तदाब वाढवायचं औषध) इंजेक्शन मागणारी जिमची पोरं असतात. त्यांना मी परत पाठवते, पण ती दुसरीकडे जातात. साहेबांनी अर्ज पलीकडच्या टेबलावर सरकवला. तिथलं उत्तर, "वैद्यकीय मजकूर हाय, डॉक्टरची सही पाहिजे." सरकारी डॉक्टरांकडे गेलो तर, "अमली पदार्थ म्हणजे पोलिसांचा विषय." पुन्हा पहिलं टेबल. तिथे आता साहेब रजेवर. दाराशी बसलेल्या कार्यकर्त्यांतला एक जण म्हणाला, "ताई, घोषणाच लिवूया, काम तरी हुईल." मी नाही म्हटलं. घोषणा वाचून कुणाचा श्वास परत येत नाही.

हो, एक सांगायचं राहिलं. अर्ज दिलात की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच. आमच्याकडे ती पोच होती, म्हणूनच "तुमचा अर्ज सापडत नाही" या वाक्यावर आम्ही परत फिरलो नाही. आणि परवानगी हातात येईपर्यंत फ्लेक्स छापू नका, परवाना क्रमांक त्यावर छापायचा असतो.

सुटलं ते पेठेतल्याच एका डॉक्टरांमुळे. त्यांनी लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, मजकूर बरोबर असल्याचं लिहून दिलं. शिवाय मी अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या (१९८५) कलम ६४अ ची प्रत जोडली. किरकोळ प्रमाणातल्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. कायदाच उपचाराची वाट ठेवतो, मग फलकाने का लपवावी? यावर साहेब काही बोलले नाहीत, सही झाली. एकही ओळ न गाळता फलक लागला, याचा मला अभिमान आहे.

गौरी घेऊन परतणाऱ्या बायका थांबून वाचत होत्या. एकीने हळूच विचारलं, "मालक रात्री पिऊन वर झोपेची गोळी घेतात, चालतं का?" अजिबात नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतात. दुसरीचा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आलेला. तिला मी बाजूला घेऊन सांगितलं, हाच काळ सर्वांत धोक्याचा. शरीराची सवय मोडलेली असते, जुनाच डोस आता जीव घेऊ शकतो. तिला १४४४६ ही मोफत हेल्पलाइन लिहून दिली. ब्राउन शुगरसारख्या अफूवर्गीय पदार्थांवर नॅलोक्सोनचा उतारा आहे, पण त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून शुद्ध आली तरी दवाखान्यात न्यायचंच, हेही सांगितलं.

पुढचा अर्ज जुलैतच देणार आहोत. त्यात पॅरासिटामॉलचा मजकूर वाढवतोय: धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि जास्त पोटात गेलं तर पहिल्या दिवशी बरं वाटतंय म्हणून घरी थांबायचं नाही, कारण यकृताचं नुकसान नंतर दिसतं आणि उतारा लवकर दिला तरच नीट लागू पडतो. डॉक्टरांचं पत्र या खेपेला अर्जाला पहिल्याच दिवशी जोडणार.