‘चालेल का?’ हा प्रश्न खोडल्यानंतर

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज वहीच्या पहिल्या पानावरचा प्रश्न खोडून टाकला. पुठ्ठ्याचे खोके तयार करण्याचा छोटा व्यवसाय सुरू करायचा, हे चार महिन्यांपूर्वी मनाशी पक्के झाले तेव्हा मी तिथे ठळक अक्षरांत ‘हा धंदा चालेल का?’ असे लिहिले होते आणि पुढचे कित्येक आठवडे भेटेल त्याला तेच विचारत हिंडले होते. ज्यांनी ‘चालेल’ म्हटले ते मला जाणकार वाटले, ज्यांनी नकारार्थी मान हलवली त्यांना मी मनातल्या मनात निराशावादी ठरवून मोकळी झाले. मेहुण्यांनी पाठ थोपटली, एका मैत्रिणीने नोकरी सोडू नकोस म्हणून गळ घातली. दोघांपैकी कोणीही आयुष्यात एक खोका विकलेला नव्हता. त्यात त्यांची काही चूक नाही, कारण माझा प्रश्नच असा होता की ज्याने त्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे उत्तर द्यावे.

थोरल्या बहिणीने तेवढे वेगळे विचारले. ‘पहिले वर्षभर तू स्वतः काही घेतले नाहीस तर घर कशावर चालेल, आणि ते किती महिने?’ तेव्हा मला तिचा रागच आला होता. व्यवसायाच्या आराखड्यात माझ्या स्वतःच्या मेहनतान्याला मी रकानाच ठेवलेला नव्हता, हे तिने नेमके ओळखले होते, आणि माझा राग बहुधा त्याचाच असावा.

मधल्या काळात एका सल्लागाराला शुल्क देऊन प्रकल्प अहवालही करून घेतला. अहवाल देखणा होता, रंगीत आलेखांसह. सातव्या पानावर ‘दरमहा येणाऱ्या रुग्णांची अपेक्षित संख्या’ असे वाक्य सापडले, तेव्हा हा अहवाल आधी कुणाच्या तरी दवाखान्यासाठी लिहिला गेला होता, हे कळले. त्या दिवशी मी खूप हसले आणि रात्री मला झोप लागली नाही. ते वाक्य मला सापडले ते केवळ योगायोगाने, कारण अहवालाची शेवटची बेरीज मनासारखी आल्यामुळे तोवर मी मधली पाने वाचलीच नव्हती.

खरी मदत मिळाली ती काकांकडून. काका हे नात्यातले नाहीत. तीस वर्षे खोक्यांचा कारखाना चालवून ते निवृत्त झाले आहेत आणि कारखाना आता त्यांचा मुलगा पाहतो. पहिल्या फोनवर त्यांनी स्पष्ट सांगितले, ‘अर्धा तास देईन, पण आकड्यांचा एक कागद आधी पाठवा आणि प्रश्न एकच आणा.’ हे मला थोडे तुसडेपणाचे वाटले. तो कागद तयार करताना मात्र असे झाले की, मी ज्यांच्याकडे आजवर रिकाम्या हाताने जात होते त्यांना माझ्या वाटचा विचारही स्वतःच करावा लागत होता, हे उमगले आणि मीच ओशाळले.

भेटीत त्यांनी आधी माझा नमुन्याचा खोका मागितला. मी छपाईची बाजू समोर करून दिला. त्यांनी छपाईकडे पाहिलेसुद्धा नाही. खोका टेबलावर उभा ठेवला, तळहात वरून टेकवला आणि सावकाश भार दिला. खोक्याची बाजू मधोमध मुडपली, जणू कुणी कागदाची घडीच घातली. मग त्यांनी कडेचा पुठ्ठा दोन बोटांनी थोडासा सोलला आणि दोन सपाट कागदांच्या मधला नागमोडी पदर दाखवला. त्या पदराच्या नळ्या, ज्यांना धंद्यात फ्लूट म्हणतात, माझ्या खोक्यात आडव्या होत्या. ‘उभी नळी खांबासारखी वजन घेते, आडवी नळी चेपते. तुम्ही पुठ्ठा वाचवायला शीट फिरवून कापलात, हो ना?’ मी हो म्हणाले. एका शीटमधून एक खोका जास्त निघतो म्हणून मीच तसे कापून घेतले होते आणि त्या बचतीचा मला अभिमानही होता. गोदामात एकावर एक सहा खोके रचल्यावर तळाच्या खोक्याचे काय झाले असते, हे त्यांनी बोलून दाखवले नाही.

मी नेलेला एकमेव प्रश्न सवलतीचा होता: बाजारात शिरकाव करण्यासाठी सुरुवातीला दहा टक्के कमी भाव लावावा का? त्यांनी उलट विचारले की, कागद, मजुरी आणि वाहतूक असा प्रत्येक खोक्यामागचा खर्च वजा जाता विक्रीच्या किमतीतले हाती किती राहते. मी म्हटले, तीस टक्के. ‘मग दहा टक्के सोडल्यावर मूळ किमतीचे वीसच उरतील. आज शंभर खोके विकून जेवढे मिळते तेवढेच मिळवायला तुम्हाला दीडशे विकावे लागतील. ते जास्तीचे पन्नास खोके तारेने कोण शिवणार, तुम्ही की मी?’ हे गणित शाळकरी मुलालाही यावे इतके सोपे आहे आणि चार महिन्यांत मी ते एकदाही मांडले नव्हते. दहा टक्क्यांची सवलत म्हणजे दहा टक्के कमी नफा, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात नफ्याचा तिसरा हिस्सा जाणार होता.

अर्धा तास संपला तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि मी उठले. दारात त्यांनी एवढेच सांगितले की, त्यांच्या सल्ल्याने काही केले किंवा मुद्दाम काही केले नाही, तरी पंधरा दिवसांनी येऊन काय घडले ते सांगावे.

शुक्रवार, दुपार

आज हिशेब शिकायला बसले. शिकवणाऱ्या बाई एका कंपनीत लेखापाल आहेत. नावे आणि जमा या दोन बाजू मला शाळेपासून नावडत्या. बाईंनी सांगितले की, लुका पाचोली या गणितज्ञ भिक्षूने 1494 मध्ये व्हेनिसमध्ये छापून आलेल्या आपल्या ग्रंथात ही दुहेरी नोंद पद्धत तपशिलाने मांडली, पण ती त्याने शोधलेली नव्हती. तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते आणि त्याने ती नीट लिहून काढली. मला ही माहिती फार दिलासा देणारी वाटली. विद्वान मनुष्यसुद्धा आधी करणाऱ्यांच्या वह्या पाहून आला होता तर!

बाईंनी माझ्या आराखड्यातले दुसरे मोठे भगदाड दाखवले, आणि ते पहिल्यापेक्षा जीवघेणे आहे. कच्च्या मालाचे पैसे मला 15 दिवसांत चुकते करायचे आहेत. माल माझ्याकडे कच्चा आणि तयार मिळून साधारण 30 दिवस पडून राहणार. गिऱ्हाईक पैसे देणार 60 दिवसांनी. म्हणजे माल हाती आल्यापासून पैसे परत येईपर्यंत 90 दिवस, त्यातले 15 दिवस पुरवठादाराची उधारी, आणि उरलेले 75 दिवस माझ्या खिशातून. मी भांडवल म्हणून फक्त यंत्रांची किंमत धरली होती. खेळते भांडवल हा शब्द मी शंभर वेळा ऐकला होता, पण हे खेळ नेमके किती दिवस खेळायचे आहेत, हे कधी मोजले नव्हते. विक्री वाढली की हा खड्डा आणखी खोल होतो, कारण प्रत्येक नव्या मागणीमागे पुन्हा 75 दिवसांचे पैसे अडकतात. नफ्यात असलेला धंदाही पैसे संपल्यामुळे बंद पडतो, असे लोक म्हणत तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटायची.

रविवार, सकाळ

काकांना पंधराव्या दिवशी भेटून आले. शीट कापण्याची दिशा बदलली आहे, सवलतीचा बेत सोडला आहे आणि 75 दिवसांचा आकडा कागदावर आहे, असे सांगितले. मोठे स्वयंचलित यंत्र घ्यायचे का, हा या वेळचा प्रश्न होता. उत्तराऐवजी त्यांनी मला मुलाच्या कारखान्यातला एक रिकामा कोपरा दाखवला. तयार शीट विकत घ्यायच्या, घडीच्या रेषा पाडणे आणि खाचा कापणे ही कामे त्यांच्या यंत्रावर तासाच्या भाड्याने करून घ्यायची, शिलाईचे यंत्र तेवढे स्वतःचे आणायचे. सहा महिन्यांच्या मागण्या पाहून मग यंत्राचा विचार करायचा.

तो कोपरा पाहून घरी आल्यावर एक गोष्ट आठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया या गावात शेतीयंत्रांचा एक प्रचंड कारखाना बंद पडला, तेव्हा 1959 मध्ये जोसेफ मॅन्क्युसो यांनी ती इमारत तुकड्या-तुकड्यांनी लहान उद्योगांना भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि जागेबरोबर कार्यालयीन सोयी, सल्ला व भांडवल मिळवण्यासाठी मदतही दिली. भाडेकरूंमध्ये कोंबडीची पिल्ले उबवणारा एक व्यवसाय होता, म्हणून त्या जागेला गमतीने इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवण्याचे यंत्र, म्हटले गेले आणि तेच नाव पुढे अशा सगळ्या केंद्रांना चिकटले. अमेरिकेतच 1964 पासून स्कोअर ही संस्था निवृत्त व्यावसायिकांना नवख्यांशी जोडून देते, तेही विनामूल्य. काका अशा कुठल्याही संस्थेत नाहीत, आणि तसे नाव दिले तर बहुधा वैतागतील.

एक गोष्ट मात्र मला काकांची पटलेली नाही. संगणकावर नोंदी ठेवण्याची गरज नाही, वही पुरते, असे ते ठामपणे म्हणतात. मी ऐकून घेतले, वाद घातला नाही आणि घरी येऊन तक्ता संगणकावरच तयार केला. पुढच्या भेटीत हेही सांगावे लागेल, कारण मुद्दाम काय केले नाही तेही सांगायचे ठरले आहे.

वहीच्या पहिल्या पानावर, खोडलेल्या ओळीखाली, पुढच्या भेटीचा प्रश्न तीनदा लिहून बदलला. सध्या तो असा आहे: ‘पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकाला, ते न तोडता, पहिला फोन कितव्या दिवशी करावा आणि पहिले वाक्य काय बोलावे?’ दुसरा भाग ठेवावा की नाही, हे उद्या ठरवेन. बोलायचे वाक्य आधी मी स्वतःच लिहून न्यावे, असे वाटते आहे.