"घरीच असते"

केसपेपरच्या खिडकीत बसायला लागून मला सहा वर्षं झाली. दवाखाना सोलापूरच्या पूर्व भागातला, त्यामुळे निम्म्या बायका तेलुगूत बोलतात. नाव, वय, पत्ता झाला की स्क्रीनवर व्यवसायाचा रकाना येतो. "काय काम करता?" उत्तर ठरलेलं, "काही नाही, घरीच असते." सुरुवातीची दोन वर्षं मीही 'गृहिणी' निवडून पुढच्या नंबरला हाक मारायचे. रांग खिडकीवर आलेली असते.

मग एकदा खोकल्यानं बेजार झालेल्या एका मावशींनी आधार कार्ड आत सरकवलं. बोटांची टोकं काळपट पिवळी, नखांच्या कडेला तंबाखूचा भुगा. माझ्या आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. ती बोटं मी ओळखणार नाही?

"मावशी, विड्या करता ना?"

"करते की. कधी हजार होतात दिवसाला. पण ते घरीच की गं."

सुपातली तंबाखू उडते त्याच खोलीत लेकरं झोपतात. डॉक्टर दम्याला जे४५ कोड टाकतात, सीओपीडीला, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराला, जे४४. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले हे कोड सगळीकडे तेच, म्हणून बेरीज करता येते. पण शेजारी 'गृहिणी' पडलं की वरच्या अहवालात दिसतं ते एवढंच : घरी असणाऱ्या बायकांना दमा. मग विडी कामगारांच्या छातीची तपासणी कुठल्या गल्लीत लावायची, हे कुणाला कसं सुचणार?

२०२० मध्ये इंग्लंडात ओपनसेफली या आरोग्य-नोंदी तपासणाऱ्या प्रणालीतून १ कोटी ७० लाखांवर प्रौढांच्या नोंदी, कुणाचं नाव न उघडता, तपासल्या गेल्या. कोरोनात कोण जास्त दगावतंय ते त्यातून कळलं : म्हातारी माणसं, मधुमेही, गरीब वस्त्यांतले. वेगळा सर्व्हे नव्हता. दवाखान्यांत रोजच्या कामात भरलेल्याच नोंदी होत्या त्या. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

टीबी पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद चुकली तर पेशंट स्वतः येतो, कारण आहाराचे पैसे (आधी महिना ५००, नोव्हेंबर २०२४ पासून १०००) त्या नोंदीवरच खात्यात जमा होतात. व्यवसाय चुकला म्हणून आजवर एकही बाई परत आलेली नाही.

आता मी सरळ तेलुगूत विचारते, "बीडीलु चेस्तारा?" बायका हसतात आणि खरं सांगतात. यादीत तो पर्याय नाही, 'इतर' निवडून टाइप करावं लागतं. मागे जाऊन बघितलं तर कुणी विडी लिहिलंय, कुणी बिडी, कुणी वीडी. कॉम्प्युटरला ही तीन वेगळी कामं. वेगळा पर्याय द्या म्हणून दोनदा लेखी अर्ज दिलाय, तिसरा लिहून तयार आहे. तोवर दुपारच्या पाळीतल्या मुलीसाठी स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवलीय, ठळक अक्षरात : विडी कामगार. असंच लिही.