तेवीस दिवस अडकलेला थर्मोकोलचा डबा

डबा उघडला तेव्हा थंड वाफ आलीच नाही. कोरडा बर्फ केव्हाच उडून गेला होता, नळ्यांवरची पेनाची अक्षरं ओघळली होती. तेवीस दिवस तो विमानतळावरच्या गोदामात पडून होता. दोन वर्षं झाली, पण आठवलं की आजही डोकं तापतं.

आम्ही हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकारावर काम करतो. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. जनुकात ‘सीएजी’ ही अक्षरं सलग ४० किंवा जास्त वेळा आली की त्यातून बनणारं प्रथिन चेतापेशीच्या आत गुठळ्या धरतं. त्या प्रथिनाला चिकटून गुठळ्या अडवील अशी अँटिबॉडी पेशीत हवी. पण नेहमीची अँटिबॉडी मोठी, १५० किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचं माप). पेशीच्या आत तिला जोडून ठेवणारे गंधकाचे बंध नीट जुळत नाहीत. उंट-लामांच्या अँटिबॉडीचा एक तुकडा, नॅनोबॉडी, मात्र जेमतेम १५ किलोडाल्टनचा असतो. त्याचं जनुक सुमारे ४०० अक्षरांचं, त्यामुळे पेशीत जनुक पोचवणाऱ्या एएव्ही विषाणूत ते सहज मावतं. प्रथिनाच्या सुरुवातीची १७ अमिनो आम्लं धरून ठेवील अशी नॅनोबॉडी आम्हाला हवी होती. त्यासाठी परदेशातल्या सहकाऱ्यांनी शंभर कोटी प्रकारच्या नॅनोबॉडींचा कृत्रिम संग्रह ई. कोलाय जिवाणूंत भरून पाठवला.

करारावर सह्या, जैवसुरक्षा समितीची मंजुरी, सगळं वेळेत झालं. मग डबा कस्टम्समध्ये अडकला. पहिली हरकत: जिवाणू रोगकारक नसल्याचं पत्र हवं. ते दिलं. चार दिवसांनी दुसरी: पत्रावर एअर वे बिलचा, म्हणजे विमानाने आलेल्या मालाच्या पावतीचा, क्रमांक नाही. नवं पत्र नेलं, तर सही करणारे साहेब रजेवर. मग संस्थेच्या नोंदणीची नूतनीकरण झालेली प्रत मागितली. या सगळ्या हरकती पहिल्याच दिवशी एकदम सांगता आल्या असत्या! मी खिडकीशी उभी राहून म्हणत होते, “अहो, आत जिवंत पेशी आहेत, बर्फ तरी भरू द्या.” उत्तर एकच: सुटका होईपर्यंत डब्याला हात लावता येणार नाही. वर डिमरेज, म्हणजे माल गोदामात पडून राहिल्याचा आकार, आम्हीच भरलं.

नळीतला थेंब पातळ करून ताटलीवर पसरला. शंभर कोटींतल्या जेमतेम काही लाख पेशी जिवंत होत्या. एवढ्यावर निवड करणं म्हणजे आधीच हरवलेल्यात शोधणं.

दुसऱ्या खेपेला एजंट आधी नेमला आणि वाटेत बर्फ भरण्याची परवानगी लेखी घेतली. पत्रात क्रमांक, नळ्यांची संख्या, जिवाणूचं पूर्ण नाव, सगळं घातलं. पार्सल सोमवारी निघालं पाहिजे, नाहीतर शनिवार-रविवार गोदामातच जातो. आणि हे सर्वांत आधी सांगायला हवं होतं: पाठवणाऱ्याला निम्म्या नळ्या स्वतःकडे ठेवायला सांगा. आमच्या सहकाऱ्यांनी ठेवल्या होत्या, म्हणून काम वाचलं.

प्रथिनाला चिकटणाऱ्या नॅनोबॉडी निवडण्याच्या तीन फेऱ्या विनासायास झाल्या. एक मात्र ध्यानात ठेवा, एलायझा या चिकटण्याच्या चाचणीत गडद पिवळा रंग देणारा क्लोन (निवडलेली एक नॅनोबॉडी) पेशीच्या आत टिकेलच असं नाही. आमचे पहिले दोन आत जाऊन स्वतःच गोळा झाले. तिसऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकणाऱ्या गुठळ्या स्पष्ट कमी केल्या. त्या दिवशी मी आईला फोन करून रडले.

उरलेल्या नळ्या आता उणे ८० च्या दोन फ्रीजरांत आहेत, एक आमच्याकडे, एक शेजारच्या इमारतीत.