७३ डॉलर

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, इमारत विभागात मी काम करते. इथे नवी शाळा रोजच्या खर्चाच्या पैशातून उभी राहत नाही. डिस्ट्रिक्ट बाँड काढतं आणि ते कर्ज घरमालकांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून वर्षानुवर्षं फिटत राहतं. त्यासाठी आधी मतदारांचा कौल लागतो, आणि नुसतं बहुमत पुरत नाही, ५५ टक्के मतं लागतात. २००० सालापर्यंत तर दोन तृतीयांश लागायची.

आमचा बाँडचा प्रस्ताव ३ मार्च २०२० च्या मतदानात होता. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही गावातल्या लोकांना शाळा बघायला बोलावलं. ती संध्याकाळ अजून मनातून जात नाही.

पोर्टेबल वर्ग दाखवायचं काम माझ्याकडे होतं. तात्पुरते म्हणून आणून ठेवलेले हे लाकडी वर्ग तीस वर्षं तसेच वापरात आहेत. १४ नंबरच्या वर्गात दारापाशी कार्पेटवर पाय ठेवला की जमीन दबते, खालचं प्लायवुड कुजलंय. मी एकेकाला तिथे उभं केलं. ‘मग प्लायवुड बदला की!’ एकजण म्हणाला. त्याला वाटलं तितकं ते सोपं नाही. १९३३ साली लाँग बीचच्या भूकंपात शाळा कोसळल्या. वेळ संध्याकाळची होती म्हणून मुलं वाचली. महिन्याभरात फील्ड कायदा झाला. तेव्हापासून सरकारी शाळेच्या इमारतीचे नकाशे राज्याच्या आर्किटेक्ट कार्यालयाकडून मंजूर करून घ्यावे लागतात आणि काम चालू असताना साइटवर तपासनीस असतो. खर्च वाढतो, वेळ जातो, पण मला या कायद्याचा अभिमान आहे.

मग सगळे लायब्ररीत बसले. सल्लागार कंपनीने गुळगुळीत कागदावर हसऱ्या मुलांचे फोटो छापले होते. कुणाच्या घरावर किती बोजा पडणार, हे सांगणारं एक साधं कोष्टक त्यात नव्हतं. मी ते दोनदा मागितलं होतं. ‘आकडे बघून लोक घाबरतात,’ असं उत्तर मिळालं. लोक घाबरतात ते आकडा न कळल्यामुळे, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं.

एक आजी माझ्या टेबलाशी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. ‘तुम्ही आमचं १३ काढून घेताय ना?’ त्यांनी पहिलंच विचारलं. १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉपोझिशन १३ मुळे जुन्या घरांवरचा कर आटोक्यात राहिला: घेतलेल्या किमतीवर आकारणी, आणि ती वर्षाला फार तर २ टक्के वाढणार. नेमका २०२० च्या आमच्याच मतपत्रिकेवर शाळांसाठी राज्याचा १५ अब्ज डॉलरचा वेगळा प्रस्ताव होता आणि त्याचाही क्रमांक १३! हा घोळ निस्तरण्यातच आमचा महिना गेला होता.

मी म्हटलं, ‘टॅक्सचं बिल आहे का?’ त्यांनी पर्समधून चौघडी केलेलं बिल काढलं. घर सत्तरच्या दशकात घेतलेलं. आज बाजारात १५ लाखांना जाईल, पण आकारणी १ लाख २२ हजारांवर. आमचा दर आकारणीच्या दर लाखाला ६० डॉलर. मी कागदावर गुणाकार करून दाखवला: वर्षाला ७३ डॉलर. त्या बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या. त्यांच्या मनात ९०० होते.

९०० भरणारं कुटुंब त्यांच्या मागेच उभं होतं. आपलंच, मराठी, नुकतंच १५ लाखांचं घर घेतलेलं, मुलगी १४ नंबरच्या वर्गात. आई मला म्हणाली, ‘ताई, पैसे आम्ही भरायचे आणि मत नाही द्यायचं?’ दोघंही एच-वन व्हिसावर, नागरिक नाहीत. मी काय सांगणार होते तिला?

आजींनी बिलाची घडी घातली. ‘माझ्या जागी असता तर तुम्ही काय केलं असतं?’

नोकरीच्या वेळात, डिस्ट्रिक्टच्या खर्चाने प्रचार करायचा नाही, माहिती तेवढी द्यायची. १९७६ पासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. मी शिकवल्याप्रमाणे म्हटलं, ‘ते मला सांगता येत नाही.’ त्यांचा चेहरा मिटला. काहीतरी लपवतेय, असं वाटलं असणार त्यांना. ७३ लिहिलेला कागद त्यांनी टेबलावरच ठेवला.

टपालाने आलेली मतं मोजेपर्यंत कित्येक दिवस गेले. ५४ टक्क्यांच्या वर गेलो, ५५ पर्यंत पोचलो नाही. राज्याचा प्रस्तावही पडला. तोवर कोविडमुळे शाळाच बंद झाल्या होत्या.

त्या संध्याकाळी सव्वाआठला मी पार्किंगमध्ये आले तेव्हा आजी गाडीचं दार उघडत होत्या. माझी वेळ संपली होती. ओळखपत्र गळ्यातून काढून दोन पावलं गेले असते, तर एक बाई म्हणून त्यांच्याशी बोलता आलं असतं. कायद्याने अडवलं नसतं. मी हात केला आणि माझ्या गाडीत बसले.